पानात भाजी, दाण्यात तेल

सोलापूर-लातूरकडच्या काळ्या रानातली करडई वर्षातून दोनदा घरी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपे ओटीत भरून येतात आणि लसूण-मिरचीवर परतून त्यांची भाजी होते. रानात राहिलेली रोपे वाढतात, काटे धरतात, पिवळ्या-केशरी फुलांनी डवरतात. शिमग्याच्या आसपास, पहाटेच्या दवाने काटे जरा नरम पडलेले असताना, माणसे हातापायांना कापड गुंडाळून पीक कापतात. त्याचे बी घाण्यावर जाते. एकाच झाडाचे एक अंग आपण भाजी म्हणून खातो, दुसरे गाळून तेल काढतो, आणि यात काही विचारण्यासारखे आहे असे कोणाला वाटत नाही.

एकदा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दोन पांढरे कागद घेतले. एकाच्या घडीत करडईचे पान चुरगळून ठेवले, दुसऱ्याच्या घडीत सोललेले चार दाणे, आणि दोन्ही वाटीच्या बुडाने दाबले. पानाचा हिरवट ओला डाग तास संपायच्या आत वाळला. दाण्यांचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच होता. कागद खिडकीसमोर धरला की तेवढ्या जागेतून उजेड झिरपत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, म्हणजे पानाला तेल करता येत नाही?”

येते. मेद करण्याचे काम पान रोज करते. ‘करता येत नाही’ आणि ‘साठवून ठेवत नाही’ यांत जे अंतर आहे, त्याचा शोध घेणारी विज्ञानशाखा आज चांगली बहरलेली आहे, आणि तिच्या दारात वाचकाला हाताला धरून आणावे यासाठी ही प्रस्तावना.

पानातल्या प्रत्येक जिवंत पेशीला मेदाम्ले लागतातच. पेशीभोवतीचे पटल, केंद्रकाचे आवरण, हरितलवकाच्या आत एकावर एक रचलेली पटले, यांतले काहीही मेदाम्लांवाचून उभे राहत नाही. करडईच्या मुळात, खोडात, पाकळीत, परागकणात मेद आहे. फरक इतकाच की तो बांधकामात गुंतलेला आहे. भिंतीत बसवलेली वीट आणि अंगणात रचून ठेवलेली वीट एकाच भट्टीतून येतात. दाण्यातले तेल म्हणजे अंगणातल्या विटा, पुढच्या पिढीच्या घरासाठी ठेवलेल्या. मग कोणत्या अंगणात किती विटा रचायच्या हे ठरवते कोण? पानाच्या अंगणात त्या का साचत नाहीत? आणि दाण्यातल्या विटा पानातल्या विटांहून वेगळ्या घडणीच्या का निघतात? मला तरी या शाखेतले सगळे महत्त्वाचे प्रश्न या तीन प्रश्नांच्या पोटात बसलेले दिसतात.

शब्दांविषयी आधीच बोलून घेते. ‘मेद’ हा शब्द मी व्यापक अर्थाने वापरते: पटलांतले मेद, पानावरचे मेण, बियांतले तेल, सगळे त्यात आले. ‘तेल’ म्हणजे येथे ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलच्या तीन कार्बनी कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले. मेदाम्ल ही कार्बन अणूंची साखळी. वनस्पतींत ती बहुधा १६ किंवा १८ अणूंची असते. अठराच्या साखळीत एक दुहेरी बंध असेल तर ते ओलेइक आम्ल, दोन असतील तर लिनोलेइक, तीन असतील तर लिनोलेनिक. शेवटची दोन नावे इतकी जवळची आहेत की विद्यार्थी हमखास चुकतात. जवसाच्या तेलात तीन बंधांचे आम्ल भरपूर असते, म्हणून ते लवकर खवट होते आणि म्हणूनच रंगकामात हवेवर वाळून घट्ट बसते. एवढे ध्यानात ठेवले तरी गोंधळ टळतो. एन्झाइमला आपली पाठ्यपुस्तके ‘विकर’ म्हणतात, मीही तेच म्हणते. आणि ‘तेलबिया’ या शब्दाशेजारी शेतकी खात्याचा ‘गळीत धान्ये’ हा शब्द मी आवर्जून ठेवला आहे, कारण त्यात घाणा ऐकू येतो. तसे ‘तेल’ हे नावच तिळावरून आलेले आहे.

आता भट्टीकडे वळू. वनस्पती मेदाम्ले कशी घडवतात याचा पाया कॅलिफोर्नियात पॉल स्टंफ यांनी १९५० च्या दशकात घातला, आणि त्यासाठी त्यांनी सुरुवातीला बी न घेता फळाचा गर घेतला: अव्होकाडोचा. हे मला फार सूचक वाटते. तेल म्हटले की बी, असे समीकरण आपल्या डोक्यात असते. या शाखेची सुरुवातच ते मोडून झाली. पुढे १९७९ मध्ये जॉन ओलरॉग, डेव्हिड कुन आणि स्टंफ यांनी पालकाच्या पानांवर काम करून दाखवले की मेदाम्लाची वाढती साखळी ज्या प्रथिनाच्या आधाराने पुढे सरकते ते प्रथिन हरितलवकात असते. प्राण्यांच्या पेशीत हे काम पेशीद्रवात चालते. वनस्पतींनी ते लवकांत ठेवले आहे. दाण्यातल्या पेशींतही लवके असतात, हिरवी असोत वा रंगहीन, आणि भट्टी तेथेच पेटते.

कच्चा माल म्हणजे पानातून आलेली साखर. ती तुटत तुटत दोन कार्बनी एसीटिल-कोएपर्यंत येते. एसीटिल-कोए कार्बॉक्सिलेज नावाचे विकर तिला मेदाम्लाच्या वाटेला लावते आणि त्यानंतर दोन-दोन कार्बन जोडत साखळी सोळा-अठरापर्यंत वाढते. तयार साखळ्या लवकाबाहेर पडून आंतर्द्रव्यजालिकेत जातात आणि तेथे ग्लिसरॉलच्या कण्यावर एकामागून एक बसतात. या जोडणीचा मार्ग यूजीन केनेडी यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांच्या ऊतींवर काम करून उलगडला. वनस्पतींतही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिसरी साखळी बसवणाऱ्या विकराचे, डीजीएटीचे, वनस्पतीतले जनुक हाती आले ते १९९९ मध्ये. तिसरी साखळी बसली की रेणूला पटलात जागा उरत नाही. तो तेल होतो.

नियंत्रण कोठे बसले आहे हे समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: लवकातून मेदाम्लांचा पुरवठा किती होतो, आणि जालिकेत त्यांना तेलाकडे ओढणारे किती आहे. पानात पुरवठ्याची दोरी उजेडाच्या हातात आहे. ऊन असले की कार्बॉक्सिलेज जागे होते, अंधार पडला की मंदावते, आणि मेदाम्लांचा वेग दिवसा रात्रीच्या कित्येक पट असतो. शिवाय ओलेइक आम्लाची, वर आलेल्या आधार-प्रथिनाला जोडलेली साखळी लवकात साचू लागली की तीच कार्बॉक्सिलेजला आवरते. हे मोहरीच्या कुळातल्या पेशींवर २०१२ मध्ये दाखवले गेले. पान गरजेपुरतेच करते याचे कारण असे भट्टीच्या तोंडाशीच सापडते.

दाण्यात ही आवराआवर सैल करणारे कोणीतरी हवे. ते सापडले एका सुरकुतलेल्या बीमुळे. अरॅबिडॉप्सिस नावाचे मोहरीच्या कुळातले वीतभर रोप जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवले जाते. १९९८ मध्ये निकोल फोक्स आणि क्रिस्टोफ बेनिंग यांनी त्याचा एक उत्परिवर्तित वाण वर्णिला. त्याच्या बियांत नेहमीपेक्षा सुमारे ८० टक्के तेल कमी होते आणि बी वाळल्यावर सुरकुतत होते. साखरेचे तेल करणारी साखळीच मंदावली होती. बिघडलेल्या जनुकाला ‘रिंकल्ड-१’ असे नाव मिळाले, आणि २००४ मध्ये ते जनुक ओळखले गेले तेव्हा कळले की त्यातून निघणारे प्रथिन विकर नाही. ते इतर जनुकांना चालू करणारे प्रथिन आहे. साखर तोडणाऱ्या आणि मेदाम्ले घडवणाऱ्या अनेक जनुकांच्या दारावर ते थाप मारते. त्याच्याही वर, भ्रूण घडत असताना, ‘लेक-२’सारखी प्रथिने असतात, ती रिंकल्डला जागे करतात. खाली साखर कमी पडली तर किन-१० नावाचे विकर रिंकल्डवर खूण करते आणि पेशी ते मोडीत काढते. घरात धान्य नसताना जाते फिरवायचे नाही, इतका हा सरळ व्यवहार आहे.

एवढे वाचून कोणाला वाटेल की प्रश्न सुटला: लेक वर, रिंकल्ड मध्ये, तेल खाली. बियांपुरते ते बरेचसे खरे आहे. पण तेलमाड आणि खजूर शेजारी ठेवून बघा. दोन्ही ताडाच्या कुळातली. खजुराच्या गरात साखर साठते. तेलमाडाच्या गरात इतके तेल साठते की वाळलेल्या गराच्या वजनाचा ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा तेलाचा असतो. २०११ मध्ये या दोन फळांच्या गरातल्या जनुकांची हालचाल तुलनेने मोजली गेली. तेल जोडणारी शेवटची जनुके दोन्हींत साधारण सारखीच चालू होती. मोठा फरक होता मेदाम्ले पुरवणाऱ्या जनुकांत, आणि रिंकल्ड तर तेलमाडात पन्नासपटींहूनही अधिक चालू होते. वरचे लेक मात्र गरात दिसत नव्हते. बियातला साहेब येथे नाही, कारकून तोच आणि काम तेच. गराला वेगळा साहेब आहे. मला या शाखेत सर्वांत जास्त ओढ याच गोष्टीची वाटते: यंत्र सगळीकडे एक, हुकूम देणारे ऊतीगणिक वेगळे.

त्याच फळाच्या आत आणखी एक नवल आहे. तेलमाडाच्या गरातल्या तेलात मुख्यतः पामिटिक आणि ओलेइक आम्ल असते, तर कवचाच्या आतल्या गाभ्याच्या तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल, बारा कार्बनचे, आपल्या खोबरेल तेलासारखे. दोन तेले, एक फळ, मध्ये केवळ कवचाची भिंत. आपल्याकडे शेतकऱ्याला नकोसा झालेला लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, जमिनीखालच्या गाठींत पिष्ट साठवतो. त्याच वंशाचा चुफा स्पेनमध्ये पीक म्हणून घेतात, आणि त्याच्या गाठींच्या सुक्या वजनात चौथा हिस्सा किंवा थोडे जास्त तेल असते. जमिनीखालच्या गाठीत तेल! असे जोड सापडले की अभ्यासक त्यांना सोडत नाहीत, कारण दोन झाडांत बाकी सगळे जवळपास सारखे असते आणि जो फरक उरतो तो तेलाच्या निर्णयाचा.

पुरवठ्याबद्दल एवढे बोलले. जोडणीबद्दल पाठ्यपुस्तकात असते त्यापेक्षा सत्य बरेच वळणाचे आहे. केनेडींचा मार्ग सरळ काढलेला असतो, आणि मीही तो वर तसाच सांगितला. प्रत्यक्षात वाढत्या सोयाबीन भ्रूणांना किरणोत्सारी कार्बन देऊन पाहिले तेव्हा दिसले की नव्या मेदाम्लांतली बरीचशी आधी फॉस्फॅटिडिलकोलीन या पटलातल्या मेदावर जाऊन बसतात आणि मग तेथून तेलात येतात. म्हणजे अंगणात रचायच्या विटा आधी भिंतीत बसवायच्या, तेथे त्यांच्यावर नक्षी करायची, आणि मग काढून अंगणात न्यायच्या. नक्षी म्हणजे दुहेरी बंध घालणे. ते करणारी विकरे पटलातल्या मेदावरच काम करतात. पटलाची गरज आणि साठ्याची गरज एकाच चौकात एकमेकींना भेटतात.

या चौकातली सर्वांत शिकवून जाणारी वनस्पती म्हणजे एरंड. म्हणीने त्याला ओसाड गावातच मान दिला. मेदाच्या अभ्यासात तो भरल्या गावात मानाचा आहे. महाविद्यालयात एरंडाच्या बियांचा पातळ छेद घेऊन सुदान-३ या रंगात बुडवण्याचे प्रात्यक्षिक असते. सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूणपोषाच्या पेशी केशरी-लाल थेंबांनी ठासून भरलेल्या दिसतात. देठाचा छेद त्याच रंगात बुडवला तर बाहेरच्या त्वचेची बारीक रेघ तेवढी रंगते. त्या थेंबांतले मेदाम्ल बहुतांश, ८५ ते ९० टक्के, रिसिनोलेइक आम्ल आहे, आणि ते एरंडाच्या पानांच्या पटलांत सापडत नाही. साखळीच्या मध्यावर एक हायड्रॉक्सिल गट बसवणारे विकर ते घडवते, आणि तेही पटलातल्या मेदावरच. असे आडवे आम्ल पटलात राहिले तर पटलाची घडी बिघडेल. म्हणून दाण्यात ते घडताच पटलातून उचलून तेलात टाकणारी विकरांची साथ लागते. हे कळले ते अपयशातून. हायड्रॉक्सिल बसवणारे जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले आणि अरॅबिडॉप्सिसच्या बियांत घातले गेले. तेथे ते आम्ल १७ टक्क्यांच्या पुढे जाईना. एरंडाचे स्वतःचे डीजीएटी सोबत दिल्यावर ते ३० टक्क्यांच्या जवळ आले. एक जनुक उसने आणून चालत नाही, त्याची भावंडेही आणावी लागतात. या वाक्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी वर्षे घालवली आहेत आणि मी ते विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

आता परत करडईकडे. येथे थोडे थांबायचे आहे.

नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असते आणि लिनोलेनिक जवळजवळ नसते. त्याच झाडाच्या पानात, हरितलवकाच्या पटलांत, लिनोलेनिकचाच मोठा वाटा. एका झाडाच्या दोन ऊती एकाच कच्च्या मालातून दुहेरी बंधांचा इतका निराळा हिशेब ठेवतात. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी करडईचा एक वेगळा प्रकार अभ्यासला: त्याच्या तेलात लिनोलेइक थोडे आणि ओलेइक भरपूर, तीन-चतुर्थांशाच्या वर. हा गुण एका अप्रभावी जनुकाने चालत होता. त्यातून तळणाला टिकाऊ, सहज न खवटणारे तेल देणारे वाण निघाले.

या वाणांचे झाड निरोगी होते, आणि खरे कुतूहल तेथेच आहे. ओलेइकमध्ये दुसरा बंध घालणाऱ्या विकराचे नाव फॅड-२. अरॅबिडॉप्सिसमध्ये फॅड-२ चे जनुक एकच आहे. ते बिघडलेली रोपे ६ अंश सेल्सिअसला ठेवल्यावर मरतात, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. थंडीत पटले लवचिक ठेवायला एकाहून अधिक बंध असलेली मेदाम्ले लागतात, आणि हिवाळ्यात वाढणाऱ्या रब्बी पिकाला तर ती हवीतच. मग करडईने दुसरा बंध गमावून थंडी कशी काढली?

उत्तर असे की तिने तो फक्त दाण्यात गमावला. करडईत फॅड-२ च्या कुळातली जनुके एक-दोन नव्हेत, अकरा सापडली आहेत. त्यांतले एक दाणा भरताना चालू होते. दुसरे एक पान, मूळ, खोड, दाणा सगळीकडे सतत थोडे थोडे चालू असते. नोल्स यांच्या जातीच्या करडईत बियातल्या जनुकाच्या मजकुरातून एक अक्षर गळलेले आहे, फक्त एक. त्यापुढचे सगळे वाचन चुकते आणि विकर तयार होत नाही. ही गोष्ट २०१३ मध्ये रेणूच्या पातळीवर पक्की झाली, म्हणजे नोल्स यांच्या नोंदीनंतर चार-पाच दशकांनी. पानाचे जनुक शाबूत आहे, म्हणून पान थंडी काढते. सोयाबीननेही बियासाठी असेच वेगळे फॅड-२ राखले आहे. ज्या पिकांत ही वाटणी झालेली असते तेथे पैदासकाराला बियातले तेल बदलता येते आणि झाडाला इजा होत नाही. ज्यांत झालेली नसते तेथे ऊतीचे भान स्वतः ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओने ९० टक्क्यांहून अधिक ओलेइकची करडई घडवली, तिच्या लागवडीला तेथे २०१८ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातही जनुके गप्प करण्याचा हुकूम बियापुरताच बांधलेला होता. तो हुकूम साऱ्या झाडाला दिला असता तर काय झाले असते, याचा अंदाज ६ अंशांच्या प्रयोगावरून बांधता येईल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. सोलापूरच्या संशोधन केंद्रात आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत करडईवर दीर्घकाळ काम झाले आहे. फलटणच्या बिनकाटेरी वाणांनी कापणीचा त्रास कमी केला. पैदासकारांना भिडणारी एक गोष्ट मात्र तेलाच्या रसायनाबाहेरची आहे: करडईच्या दाण्याचे जाड टरफल. टरफल आईच्या ऊतीचे, आतला भ्रूण नव्या पिढीचा. तेल भ्रूणात. टरफल पातळ झाले की शंभर किलो बियांतून निघणारे तेल वाढते, भ्रूणाने एक थेंबही जास्त केला नाही तरी. मक्याचेही तसेच. इलिनॉयमध्ये १८९६ पासून मक्याची निवड केवळ तेलासाठी पिढ्यान्‌पिढ्या होत आली. पाच टक्क्यांच्या आतले तेल शंभर पिढ्यांत वीस टक्क्यांच्या आसपास गेले, आणि त्यात दाण्यातला अंकुर मोठा होत जाण्याचा वाटा मोठा होता. तेलाचे प्रमाण वाढले म्हणजे पेशी जास्त तेल करू लागली असे नेहमीच नसते. कधी तेल करणारी ऊतीच मोठी झालेली असते. अहवाल वाचताना हा भेद करायला शिकणे ही या शाखेतली पहिली शिस्त आहे, आणि अनुभवी माणसेही तेथे घसरतात.

आई आणि भ्रूण यांच्यातले देणेघेणे याहूनही नाजूक असते. अळीव भिजत घातले की बुळबुळीत होतात ते सर्वांनी पाहिले आहे. तो चिकट थर बियांच्या आवरणातल्या पेशी करतात. अळीवाच्याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये हा थर नीट होऊ दिला नाही, तर आतल्या भ्रूणात तेल वाढते. आवरणाने खर्च न केलेली साखर आत पोचली असावी, असे मानले जाते. एका ऊतीतला बदल दुसरीच्या ताटात उतरतो.

साठवलेल्या तेलाची राखण हाही नियंत्रणाचाच भाग आहे. बियातले तेल एक-दोन मायक्रॉनच्या थेंबांत वाटलेले असते आणि प्रत्येक थेंबाभोवती ओलिओसिन या प्रथिनाचे कवच असते, म्हणून बी कडकडीत वाळले तरी थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. फळाच्या गराला वाळून पुन्हा जगायचे नसते. तेलमाडाच्या आणि अव्होकाडोच्या गरातले थेंब मोठे असतात आणि त्यांना ओलिओसिनचे कवच नसते. थेंब लहान ठेवण्याचे फळ उगवताना मिळते: पृष्ठभाग जास्त, त्यामुळे लायपेज विकराला तेल पटकन हाती लागते. त्या तेलाची साखर कशी होते हे हान्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी १९५७ मध्ये दाखवले, उगवत्या एरंडाच्याच भ्रूणपोषात. प्राण्यांना मेदाम्लांपासून साखर करण्याची ही वाट उपलब्ध नाही. एरंडाच्या बीला आहे, आणि प्रकाश मिळेपर्यंतचे दिवस ते तिच्यावर काढते.

मग पानाला तेल साठवायला लावता येईल का? मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचा हा खरा पुढचा भाग, आणि त्याचे उत्तर तंबाखूने दिले आहे. कॅनबेरातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तंबाखूच्या पानात तीन गोष्टी एकदम घातल्या: पुरवठा वाढवणारे रिंकल्ड, तेलाकडे ओढणारे डीजीएटी आणि थेंब राखणारे ओलिओसिन. यांतले ओलिओसिन तिळाचे होते. पानाच्या सुक्या वजनात १५ टक्क्यांच्या आसपास तेल साठले, आणि २०१७ मध्ये आणखी बदल करून ते ३० टक्क्यांच्या वर गेले. एकेकट्या जनुकाने हे झाले नसते. ढकलणारा, ओढणारा आणि राखणारा, तिघे लागले. भारत खाद्यतेलाच्या गरजेतले निम्म्याहून अधिक तेल आयात करतो, तेव्हा असे आकडे वाचून मन धावते हे मी समजू शकते. माझे मत सावध आहे. पानाचे पहिले काम सूर्यप्रकाशात साखर करून ती दाण्याला पोचवणे हे आहे. पानातच तेल अडवले तर दाणा, मूळ, खोड यांच्या वाट्याला काय उरते हे मोजल्याशिवाय उत्साह धरू नये. तेलाचा टक्का एका ऊतीत मोजायचा आणि हिशेब साऱ्या झाडाचा मांडायचा, ही सवय नव्या अभ्यासकाने सुरुवातीपासून लावून घ्यावी.

या विषयात शिरायला फार मोठी शिदोरी लागत नाही. बारावीचे जीवशास्त्र, थोडे सेंद्रिय रसायन, आणि आकृत्यांवर रेंगाळण्याची तयारी असली की पुरे. विकरांची नावे पाठ करण्यात पहिले महिने घालवू नका. ती वापरात येत गेली की आपोआप बसतात. प्रत्येक प्रयोग वाचताना तीन गोष्टी मात्र समासात लिहा: ऊती कोणती, दिवस कितवा, आणि टक्का कशाच्या प्रमाणात. फुलोऱ्यानंतर आठव्या दिवशीचा दाणा आणि पंचविसाव्या दिवशीचा दाणा ही जवळजवळ दोन वेगळी यंत्रे असतात. सुरुवातीला पेशी विभागत असतात आणि दाणा चिरडला तर पाण्यासारखा किंवा दुधट रस येतो. नंतर त्याच पेशी विभागणे थांबवून तेलाने भरू लागतात. शेतात उभे राहून रोज एक बोंड फोडले तर हा बदल नखाखाली कळतो. मला तो अनेक वर्षे फक्त आलेखात माहीत होता. एका रब्बीत दोन आठवडे रोज सकाळी रानात गेले तेव्हा आलेखातली चढण कोणत्या दिवसाची ते बोटांना समजले.

पहिले प्रकरण सुरू करण्याआधी कागदाचा प्रयोग घरी करून पाहावा. पान कोणतेही घ्या, मेथीचे चालेल. करडईचा दाणा मिळाला नाही तर शेंगदाणा घ्या, पण कच्चा. भाजलेल्या दाण्यातल्या पेशी उष्णतेने आधीच फुटलेल्या असतात आणि तेल बाहेर यायला टेकलेले असते. कच्चा दाणा हलक्या हाताने दाबून पाहा, मग जोर लावून. दोन डागांतला फरक कागदावर पेन्सिलीने आखून ठेवा. थेंबांची कवचे किती दाबाला तग धरतात हा प्रश्न पुढे ओलिओसिनच्या प्रकरणात येईल, तेव्हा तो कागद जवळ असलेला बरा.